भोंगा थांबल्यानंतर

दिल्लीच्या जुन्या तटाबाहेर उत्तरेच्या अंगाला हिंदूराव या नावाच्या दोन जागा आहेत. एक टेकडीवरचे रुग्णालय, आणि दुसरी सदर बाजाराजवळची दाट वस्ती, बाडा हिंदूराव. हे हिंदूराव म्हणजे कागलकर घाटग्यांच्या घराण्यातले, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे बंधू. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ साली खून झाला, त्यानंतर त्याची टेकडीवरची कोठी हिंदूरावांकडे आली. बाडा हा शब्द आपल्या वाड्याचाच भाऊ. परमुलखात ओळखीचे नाव वाचून मराठी माणसाला जो क्षणभर आनंद होतो तो मलाही झाला होता, हे कबूल करतो. परंतु आज त्या सरदाराविषयी बोलावयाचे नाही. त्याच्या नावाच्या वस्तीत पुढे एक गिरणी उभी राहिली आणि शंभर वर्षांनी ती बंद झाली, तिच्याविषयी बोलावयाचे आहे.

दिल्ली क्लॉथ मिल, लोकांच्या तोंडी डी. सी. एम., १८८९ साली स्थापन झाली आणि तिची या वस्तीतली कापडगिरणी १९८९ साली बंद पडली. याच १९८९ च्या नोव्हेंबरात बर्लिनची भिंत कोसळली. दोन घटनांत कार्यकारणभाव शोधणे हा निव्वळ खुळेपणा होईल. तरीही पुढे जे घडत गेले त्यात विलक्षण साम्य आहे, आणि या साम्याकडे आपण मराठी माणसांनी विशेष लक्ष द्यावयास हवे. कारण याच काळात आपले गिरणगावही विझत होते.

पूर्व युरोपातल्या आणि रशियातल्या ज्या देशांनी १९८९ ते १९९१ या काळात समाजवादी राजवट टाकली, त्यांना समाजशास्त्रात समाजवादोत्तर समाज म्हणतात. भारताला त्या पंक्तीत बसविता येईल काय? सरळ उत्तर द्यावयाचे तर नाही. आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत ‘समाजवादी’ हा शब्द १९७६ साली आला खरा, पण आपल्याकडे गिरणीमालक होते, निवडणुका होत्या, आणि संपावर जाण्याची मोकळीक होती. पोलंडच्या कामगाराला ती मोकळीक रक्त सांडून मिळवावी लागली. असे असूनही एक गोष्ट दोन्हीकडे सारखी होती. यानोश कोर्नाई या हंगेरियन अर्थशास्त्रज्ञाने १९८० साली टंचाईच्या अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला. समाजवादी कारखान्याला तोट्याचे भय नसते, कारण सरकार त्याला बुडू देत नाही, हे त्याच्या विवेचनाचे एक मुख्य सूत्र आहे. हे वाचताना आपल्याकडील ‘आजारी गिरणी’ हा शब्दप्रयोग आठवल्यावाचून राहात नाही. मुंबईतल्या १३ गिरण्यांचे व्यवस्थापन सरकारने १९८३ साली ताब्यात घेतले. आजारी उद्योगांसाठी १९८५ साली स्वतंत्र कायदा झाला. टंचाईचे म्हणाल तर ज्यांनी स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिली, त्यांना वॉर्सातली रांग समजावून सांगावी लागणार नाही. रशियन भाषेत ‘ब्लात’ म्हणून एक शब्द आहे. त्याला आपला ‘वशिला’ नेमका बसतो.

ही व्यवस्था मोडली तेव्हा अर्थशास्त्रज्ञांनी उत्पादन, चलनवाढ आणि तूट मोजली. ते आवश्यकच होते. पण गिरणीतून पगाराखेरीज आणखी काय मिळत होते, हे कोणाच्या हिशेबात धरले गेले नाही. भोंग्यावर घरचा दिवस लागत असे. पाळीवर झोपेची वेळ ठरत असे. एकाच खोलीत तिन्ही पाळ्यांची माणसे पाळीपाळीने पथारी टाकीत. मुलगा गिरणीत ‘लागला’ की सोयरिकी येत. गिरणगावात गावोगावच्या मंडळांचे गाळे होते. गावाहून नवा आलेला मुलगा प्रथम तेथे उतरे, खानावळीत जेवे, आणि पहिल्या पगाराची मनिऑर्डर गावी धाडी. भजनी मंडळ, व्यायामशाळा, गणपतीची वर्गणी, नाक्यावरच्या वाण्याची उधारी, ही सारी ‘हा गिरणीत आहे’ या एका आधारावर उभी असत. तो आधार निघाला म्हणजे केवळ उत्पन्न गेले असे नव्हे. माणसाची ओळख सांगण्याची रीतच गेली.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला. पुष्कळांना कामावर परत घेतले गेले नाही, आणि ते गावी गेले. या गावी जाण्याविषयी मला थोडे अधिक बोलावयाचे आहे. १९९२ नंतर रशियात महिनोन्‌महिने पगार थकले, तेव्हा शहरातील कुटुंबे आपल्या दाचावर, म्हणजे गावाबाहेरच्या लहानशा बागेच्या तुकड्यावर, बटाटे लावू लागली. सोव्हिएत काळात कारखान्यांमार्फतच वाटले गेलेले हे तुकडे बहुधा ६०० चौरस मीटरचे असत. हौसेचा तुकडा पोटाचा झाला. मायकेल बुरावॉय या समाजशास्त्रज्ञाने रशियातील कारखान्यांत प्रत्यक्ष राहून पाहिले आणि असे मांडले की, तेथील समाज पुढे न जाता आत आत वळला, घराच्या उंबरठ्याच्या आत शिरला. रत्नागिरी किंवा सातारा जिल्ह्यातल्या कामगाराचा दाचा म्हणजे त्याचा भाताचा किंवा ज्वारीचा तुकडा. पण येथे एक फरक पडतो. रशियन कुटुंब आठवड्याच्या सुट्टीत तेथे जाऊन परत येई. त्याचे शहरातील घर कायम होते, किंबहुना पुढे ते त्याच्या नावावरही झाले. आपला कामगार परतला तो भावांच्या हिश्श्यात. वीस वर्षे ज्याच्या मनिऑर्डरीवर घर चालले, तो आता त्याच घरात एक अधिक ताट होऊन बसला. कर्तेपण जेव्हा असे उलटते तेव्हा घराला काय सोसावे लागते, हे सांगण्यास आकडे नाहीत. जयंत पवार यांच्या १९९७ सालच्या ‘अधांतर’ नाटकात ते आहे, आणि त्यासाठी मी त्या नाटकाला समाजशास्त्राच्या ग्रंथांच्या रांगेत बसवीन.

शहरात जी घरे टिकली, ती बहुतांशी बायकांनी टिकविली. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले ते खानावळी चालविणाऱ्या बायकांसाठी. या बायका संपाच्या पूर्वीपासूनच गिरणगावाला जेवू घालीत होत्या. त्यांना कामगार मात्र कोणी म्हणत नसे. पोलंडमधील वूच हे शहर याउलट. तेथे मागावर बायकाच अधिक. फेब्रुवारी १९७१ मध्ये त्यांनी संप करून सरकारला अन्नधान्याची भाववाढ मागे घ्यावयास लावली होती. तीच कापडनगरी १९९० नंतर कोलमडली. १ जानेवारी १९९० पासून पोलंडने बाल्त्सेरोविच यांची झटपट सुधारणेची योजना स्वीकारली, आणि पाठोपाठ सोव्हिएत बाजारपेठही नाहीशी झाली. पुढे पोलंड सावरला, पुष्कळ पुढे गेला. हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. रशियात मात्र पुरुषांचे सरासरी आयुर्मान १९९० साली ६४ वर्षांच्या आसपास होते, ते १९९४ पर्यंत ५८ च्याही खाली घसरले. युद्ध नसताना असे क्वचितच घडते.

आता जमिनीविषयी. गिरणी आजारी पडत गेली तसतशी तिची जमीन अधिकाधिक सुदृढ होत गेली, हे या रोगाचे लक्षण वैद्यकशास्त्रात सापडणार नाही. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै १९९६ रोजी १६८ कारखाने शहराबाहेर हलविण्याचा आदेश दिला. कारण प्रदूषणाचे होते आणि ते खोटे नव्हते. जितका भूखंड मोठा तितका त्याचा मोठा वाटा सार्वजनिक उपयोगासाठी सोडावा, असेही न्यायालयाने ठरविले. मुंबईत १९९१ च्या विकास नियमावलीत तीन वाटे पाडले होते: एक मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली. जेथे गिरणीची इमारत उभी होती ती जागा वाटणीतून निसटली. हा बदल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये ग्राह्य धरला. त्याच वर्षी वूच शहरात पोझ्नान्स्कीच्या जुन्या कापडगिरणीच्या आवारात एक भव्य बाजारसंकुल उघडले. त्याच्या विटा जुन्याच आहेत, आणि त्याचे नावही ‘मानुफाक्तुरा’, म्हणजे कारखाना, असेच ठेवले आहे. परळच्या फिनिक्स गिरणीचे नाव तेथील बाजारसंकुलाने चालविले आहे, ते याच जातीचे.

जे सर्वांचे होते ते वाटावयाचे कसे, हा प्रश्न रशियापुढेही होता. तेथे १९९२ साली प्रत्येक नागरिकाला १०,००० रूबलांचे एक पत्र दिले गेले: देशाच्या कारखान्यांतला तुझा हिस्सा. महागाईत त्याचे मोल वितळत होते, आणि असंख्य लोकांनी ते मिळेल त्या किमतीला विकून टाकले. आपल्याकडे गिरणीकामगारांच्या घरांसाठी २०१२ साली पहिली सोडत निघाली. घरे ६,९२५; अर्जदार दीड लाखाच्या घरात. ज्याने तीस वर्षे मागावर काढली त्याचा हक्क कागदावर मान्य झाला होता, तो त्याला मिळावयाचा की नाही हे मात्र चिठ्ठीवर सोपविले गेले. त्यातही अनेकांच्या अर्जावर वारस म्हणून मुलाचे किंवा सुनेचे नाव होते, कारण मूळ कामगार तोवर हयात नव्हता.