कर्जाला चिकटलेला विमा
(गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून आपण दरवर्षी संतवाङ्मय, इतिहास, संगीत अशा विषयांवर ऐकत आलो आहोत. यंदा कार्यकारिणीने आम्हांला सांगितले, की तुम्ही रविवारी वाचनालयात बसून लोकांचे बँकेचे कागद वाचून देता, त्यावरच बोला. आम्ही चौघेही नोकरदार. आमच्यात ना कोणी वकील, ना सी.ए. कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, एवढीच आमची विद्या. त्या वाचनात एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली, तीच आज आपल्यापुढे ठेवतो.

माणूस कर्ज घेतो. घरासाठी, मुलीच्या लग्नासाठी, दुचाकीसाठी. मंजूर होतात पाच लाख, आणि खात्यात येतात त्याहून कमी. विचारले तर काउंटरवरून उत्तर मिळते, "प्रोसेसिंग वगैरे कापले आहे." त्या 'वगैरे'मध्ये बरेचदा विमा असतो. कर्जदार मेला किंवा अपंग झाला तर विमा कंपनी उरलेले कर्ज फेडेल, असा तो विमा. घेणाऱ्याला तो घेतल्याचे माहीतच नसते. सह्या मात्र त्याच्याच असतात, कारण वीस-पंचवीस ठिकाणी पेन्सिलीने फुल्या मारून दिल्या होत्या आणि "इथे, इथे आणि इथे" असे सांगितले होते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. विमा वाईट नाही. घरात एकच कमावता असेल आणि डोक्यावर वीस वर्षांचे गृहकर्ज असेल, तर विमा असलाच पाहिजे. वाईट आहे ते न विचारता, न सांगता किंवा "हे घेतल्याशिवाय कर्ज मंजूर होणार नाही" अशी भीती घालून तो गळ्यात मारणे. कर्जासाठी अमुक एका कंपनीचाच विमा घ्या, अशी सक्ती बँकेला करता येत नाही. आपला जुना मुदत विमा असेल तर तो दाखवता येतो, आणि नवा घ्यायचा तर बाजारात चौकशी करून घेता येतो.

आता हिशेब. समजा, गृहकर्जाबरोबर एक लाख रुपये प्रीमियम एकरकमी लावला. तो आपल्या खिशातून घेत नाहीत, कर्जातच मिळवतात. म्हणून त्या वेळी टोचत नाही. पण 9 टक्के व्याजाने वीस वर्षांत त्या एका लाखाचा मासिक हप्ता होतो सुमारे 900 रुपये, आणि 240 हप्त्यांत आपण भरतो जवळजवळ 2 लाख 16 हजार. छोट्या कर्जातही तेच. 18 हजारांचा प्रीमियम 11 टक्के व्याजाने पाच वर्षांच्या कर्जात घातला, तर महिना 391 रुपये, एकूण सुमारे 23,500. म्हणजे विम्याच्या प्रीमियमवरही आपण व्याज भरतो.

पैशाच्या नुकसानीहून मोठे नुकसान दुसरेच आहे. आमच्याकडे एक ताई आल्या. यजमान गेले, त्याला आठ महिने झाले होते. शिवणकाम करून, भावाकडून उसने घेऊन त्या नवऱ्याच्या कर्जाचे हप्ते भरत होत्या. फाइल उघडली तर मंजुरीपत्राच्या मागे विम्याचे प्रमाणपत्र टाचलेले. ज्या कर्जासाठी त्या पोटाला चिमटा घेत होत्या, ते कर्ज विम्याने संरक्षित होते. यजमानांनाच कोणी सांगितले नव्हते, मग त्यांना कोण सांगणार? दावा दाखल झाला, चार महिन्यांनी मंजूर झाला आणि मृत्यूनंतर भरलेले हप्ते परत मिळाले. न सांगता विकलेला विमा असा दोन्हीकडून मारतो. नको असलेल्याचे पैसे जातात आणि गरज असलेल्याला त्याचा पत्ता लागत नाही.

तिसरा प्रकार याहून वाईट. अर्जातला प्रकृतीचा रकाना विकणाराच भरून टाकतो. मधुमेह असो की रक्तदाब, खूण "नाही"वर. पुढे दावा केला की कंपनी म्हणते, आजार लपवला. विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे तीन वर्षे उलटल्यावर कंपनीला पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. पण माणूस मरताना तीन वर्षांचा हिशेब करून मरत नाही. म्हणून तो रकाना आपल्या हातानेच भरावा.

हे आपल्याकडेच होते असे समजू नका. आपल्या मंडळातील काही घरांतली मुले इंग्लंडमध्ये आहेत, त्यांना 'पीपीआय' हा शब्द ठाऊक असेल. पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स. साधारण 1990 ते 2010 या काळात तिथे कर्ज, क्रेडिट कार्ड, गृहकर्ज यांबरोबर हा विमा सर्रास विकला गेला. सगळ्यांत साधे उदाहरण स्टोअर कार्डाचे. मोठ्या दुकानात कपडे घेतले, गल्ल्यावरच्या मुलीने सांगितले की आमचे कार्ड काढा, आजच्या खरेदीवर सूट मिळेल. फॉर्मवर सही झाली आणि त्यातच विमाही आला. मग दर महिन्याला बाकीच्या प्रमाणात थोडी थोडी रक्कम कापली जाई. नोकरी गेली किंवा आजारपण आले तर हप्ते भरणारा हा विमा. पण तो निवृत्तांना विकला, स्वतःचा धंदा करणाऱ्यांना विकला, ज्यांचा दावा अटींप्रमाणे कधी मंजूरच होणार नव्हता अशांनाही विकला.

2005 साली तिथल्या नागरिक सल्ला संस्थेने सरकारी यंत्रणेकडे रीतसर तक्रार नेली. प्रकरण न्यायालयात गेले आणि 2011 मध्ये बँका हरल्या. 2014 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयासमोर एका विधवा बाईंचा खटला आला. 34,000 पौंडांच्या कर्जावर 5,780 पौंडांचा विमा लावला होता, आणि त्या प्रीमियमपैकी 71.8 टक्के नुसते कमिशन होते. हे त्यांना सांगितले नव्हते. न्यायालयाने ठरवले, की इतके मोठे कमिशन लपवणे हा अन्याय आहे. 29 ऑगस्ट 2019 ही तक्रारीची शेवटची तारीख होती. 2011 पासून परत केलेली रक्कम 38 अब्ज पौंडांच्या वर गेली. बंद झालेल्या कार्डांचे, वीस वर्षांपूर्वीच्या खात्यांचे पैसेही लोकांना मिळाले, वर सालीना 8 टक्के साधे व्याज.

यातून आपण दोन गोष्टी घ्यायच्या. एक, एवढ्या मोठ्या बँकांना पैसे परत करावे लागले ते सामान्य माणसांनी एकेक अर्ज लिहिला म्हणून. दुसरी, ज्यांनी तारीख चुकवली त्यांना तो रस्ता बंद झाला. आपल्याकडेही मुदतींचेच महत्त्व आहे. आता त्यांकडे वळू.

सगळ्यांत पहिली मुदत 30 दिवसांची. पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून 30 दिवसांत, कारण न सांगता, पॉलिसी परत करता येते. यालाच 'फ्री लुक' म्हणतात. पूर्वी ही मुदत बहुधा 15 दिवस असे, 2024 च्या नियमांनी ती 30 केली. तेवढ्या दिवसांच्या जोखमीची रक्कम, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि स्टॅम्प ड्यूटी कापून बाकी पैसे परत मिळतात. कर्जाचा विमा बरेचदा सामूहिक असतो. अशा वेळी पॉलिसी बँकेच्या नावे असते आणि आपल्याला फक्त प्रमाणपत्र मिळते. त्या प्रमाणपत्रावरच परतीची अट छापलेली असते. एका निवृत्त शिक्षकांनी बाविसाव्या दिवशी आमच्यापुढे कागद ठेवला. त्याच संध्याकाळी अर्ज लिहिला, दुसऱ्या दिवशी शाखेत देऊन पोचपावती घेतली. पैसे कर्जखात्यात जमा झाले आणि हप्ता कमी झाला.

30 दिवस उलटले असतील तरी रस्ता बंद नाही. मग सांगावे लागते की विमा चुकीच्या पद्धतीने विकला. आधी बँक आणि विमा कंपनी या दोघांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना लेखी कळवा. फोनवर बोलून भागत नाही. कर्जाचा क्रमांक, विम्याचा क्रमांक, कापलेली रक्कम, तारीख आणि काय सांगितले नव्हते, एवढे पाच मुद्दे पुरतात. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जा. आपल्या मध्य प्रदेशासाठी त्यांचे कार्यालय भोपाळला आहे. कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत जायचे. फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना चालतच नाही. 50 लाखांपर्यंतची प्रकरणे तिथे चालतात. साध्या हिंदीत लिहिलेला अर्ज पुरतो. विमा नियामकाचे 'बिमा भरोसा' पोर्टल आहे, त्याचा फोन 155255.

तक्रार बँकेच्या वागणुकीची असेल, म्हणजे संमतीशिवाय रक्कम कापली असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येते. माहितीसाठी क्रमांक 14448. पतसंस्था मात्र या योजनेत येत नाहीत. तिथे सहकार खात्याच्या निबंधकांकडे अर्ज करावा लागतो. आणि या सगळ्याबरोबर ग्राहक आयोग आहेच. तिथे दोन वर्षांची मुदत आहे. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहारांना फी नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915.

सगळ्यांना यश येते असे नाही. एका गृहस्थांनी चार वर्षांनी कागद आणला. त्यावर स्वतंत्र संमतीपत्र होते, सही स्पष्ट होती, सगळ्या मुदती गेल्या होत्या. तिथे आमचे काही चालले नाही. एवढेच केले, की विमा चालू आहे हे त्यांच्या पत्नीला आणि मुलाला समजावून सांगितले आणि प्रमाणपत्र कपाटात समोरच ठेवायला लावले. कर्ज मुदतीआधी फिटले, तर एकरकमी प्रीमियमच्या उरलेल्या मुदतीचा परतावा अटींप्रमाणे मागता येतो, हेही त्यांना लिहून दिले. तो कोणी आपणहून आणून देत नाही, मागावा लागतो.

नवे कर्ज घेणाऱ्यांसाठी 1 ऑक्टोबर 2024 पासून एक चांगली सोय झाली आहे. बँकेने आधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद द्यायचा असतो. त्यात व्याजाबरोबर विम्यासारखे इतर खर्चही धरून खरा वार्षिक दर दाखवायचा असतो. त्या कागदात नसलेला आकार आपल्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. आमच्यासारख्या सरकारी नोकरदारांना पगारखात्यावर कर्ज चटकन मिळते, म्हणून घाईही आम्हीच जास्त करतो. तो कागद घरी आणा. एक रात्र उशीखाली राहिला तर कर्ज पळून जात नाही.

पासबुकही एकदा पाहा. मे-जूनच्या सुमारास 436 किंवा 20 रुपये कापलेले दिसतील. 436 म्हणजे जीवनज्योती, दोन लाखांचे जीवन विमा संरक्षण, आणि 20 म्हणजे अपघाताची सुरक्षा योजना. या स्वस्त आणि उपयोगी योजना आहेत, घाईने बंद करू नका. मात्र दोन बँकांतून 436 कापले जात असतील, तर दावा एकाच खात्यावर मिळतो. दुसरे बंद करा, आणि जे चालू आहे ते घरात सर्वांना सांगा.

आणखी एक इशारा. "तुमच्या जुन्या पॉलिसीचे पैसे अडकले आहेत, आम्ही काढून देतो, आधी एवढे भरा" असे फोन येतात, बहुधा नियामकाचे नाव घेऊन. नियामक कोणालाही असा फोन करत नाही. इंग्लंडमध्येही पैसे मिळवून देणाऱ्या कंपन्यांनी लोकांच्या परताव्यातून मोठा वाटा घेतला. शेवटी 2018 मध्ये त्यांच्या फीवर 20 टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. जो अर्ज आपण स्वतः फुकट करू शकतो, त्यासाठी कोणाला वाटा द्यायचा नाही.

महाभारत लिहायला बसताना व्यासांनी गणपतीला अट घातली होती, अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही. ज्याची आपण दहा दिवस पूजा करतो, त्यानेही ती अट मान्य केली. मग आपण न समजता वीस सह्या का कराव्यात?

तेव्हा विनंती एवढीच. अनंत चतुर्दशीच्या आत प्रत्येक घराने आपली कर्जाची फाइल एकदा उघडावी. मंजूर रक्कम आणि हातात आलेली रक्कम शेजारी शेजारी लिहावी. फरक दिसला तर मंजुरीपत्र, कर्जखात्याचा उतारा आणि विम्याचे प्रमाणपत्र घेऊन रविवारी दहा वाजता वाचनालयात यावे. आम्ही तिथे असू. प्रमाणपत्र सापडले नाही तरी या. बँकेकडे ते लेखी मागायचे, तिथूनच सुरुवात करू.

 गणपती बाप्पा मोरया!