जुन्या ट्रकच्या इंजिनातील गाळ



२०१२ साली गोव्यातील लोहखनिजाचे उत्खनन थांबले आणि खनिज वाहणारे अनेक ट्रक जागीच उभे राहिले. असा दीर्घकाळ पडून असलेला ट्रक विकत घेणाऱ्याने प्रथम इंजिनातील तेल पाहावे. तेल वेळेवर न बदलल्यास उष्णता, काजळी व बाष्प यांच्या योगाने त्याचा काळा, चिकट गाळ बनतो. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरल्याचा संशय घ्यावा व आधी त्याचे कारण शोधावे.

डिझेल ओतून इंजिन चालविण्याचा सोपा मार्ग मात्र घातक होय. एकदम सुटलेला गाळ तेलपंपाच्या जाळीत अडकतो, तेलाचा दाब उतरतो आणि बेअरिंग जळतात. मग ट्रक दारात उभा राहतो, कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत.

यास्तव जाणत्या मेस्त्रीकडून खालचे चेंबर उतरवून गाळ काढावा व जाळी धुवावी. कारखान्याने नेमून दिलेल्या प्रतीचे तेल व नवा फिल्टर घालावा. उरलेला गाळ हळूहळू सुटत असल्याने पुढील दोन-तीन वेळा तेल व फिल्टर नेहमीपेक्षा लवकर बदलावेत. तेलदाबाचा दिवा पेटताच इंजिन बंद करावे. काढलेले तेल ओहोळात वा विहिरीजवळ कदापि ओतू नये.