घरातलं ध्वनिमुद्रण : पैसे आधी कशावर घालायचे?

(महिला गटांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेलं भाषण)



पत्रिकेवर माझा विषय ‘घरगुती स्टुडिओसाठी परवडणारी यंत्रसामग्री’ असा छापला आहे. तो वाचून सकाळी चहाच्या वेळी एक ताई म्हणाल्या, “अगं, हा विषय बायकांच्या शिबिरात कशाला?” त्यांचा प्रश्न रास्त आहे. मी इंजिनिअर नाही. एमएसडब्ल्यू केलं आणि कुटुंब सल्ला केंद्रात काम करते. पण गेली सहा वर्षं आमच्या गटाची गाणी, पथनाट्यं आणि ओव्या सांगलीतल्या माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांत मुद्रित होतात. त्यात गटाचे पैसे कुठे वाया गेले आणि कुठे सार्थकी लागले, ते सांगायला मी उभी आहे.

आपल्याला हे काम नवीन नाही. चळवळीच्या गाण्यांच्या कॅसेटी मेळाव्यात विकत घेतलेल्या बायका इथे बसल्या असतील. हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखाच्या वर आहेत. त्यातल्या काही १९९०च्या दशकात बर्नार बेल यांच्या मदतीने ध्वनिमुद्रित झाल्या, म्हणून त्या बायकांचा गळासुद्धा आज आपल्याला ऐकता येतो. कागदावर उतरली की ओवी उरते, पण दळताना लागलेला दम उरत नाही.

आता आमची चूक. सुरुवातीला आम्ही मोबाइलवरच मुद्रण करायचो. मग गटातल्या बायकांनी महिन्याला पन्नास-शंभर काढून अठरा हजार रुपये जमवले. दुकानदाराने सांगितलं, “ताई, कंडेन्सर माइक घ्या, स्टुडिओत हाच असतो.” आम्ही घेतला. बहुतेक पैसे त्यातच गेले. जत तालुक्यातल्या एका आजींना आणलं. दोन दिवस राहिल्या, दीडशेच्या वर ओव्या सांगितल्या. कंडेन्सर माइक फार नाजूक कानाचा असतो. त्याने आजींचा आवाज घेतला, तसा पंख्याचा, फ्रिजचा, खालच्या गॅरेजचा आणि वरच्या मजल्यावरच्या भांड्यांचाही घेतला. फरशी आणि उघड्या भिंती, त्यामुळे प्रत्येक शब्द घुमला. पुन्हा करू म्हणत राहिलो. पुढच्या पावसाळ्यात आजी गेल्या. आज त्यातल्या जेमतेम चाळीस ओव्या लोकांना ऐकवण्याजोग्या आहेत.

माइक वाईट नव्हता. शांत, घुमत नसलेल्या खोलीत तो उत्तमच. पण आमची अडचण खोलीत होती आणि आम्ही पैसे माइकवर घातले. म्हणून कुठलीही वस्तू घेण्याआधी एक करा. आहे त्या यंत्रावर, आहे त्या खोलीत, कुणीही न बोलता दोन मिनिटं मुद्रण करा आणि ते कान देऊन ऐका. जे ऐकू येईल तीच तुमची खरेदीची यादी.

आमच्या यादीतल्या पहिल्या वस्तू फुकट निघाल्या. पंखा बंद. फ्रिज बंद (आणि घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे तो पुन्हा चालू करायचा विसरत नाही, माझं दूध दोनदा नासलं तेव्हा हे सुचलं). गाणारीच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर जाड गोधड्या, खाली सतरंजी. अंड्याचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या, त्याने फारसं काही होत नाही. गोधडीने घुमणं कमी होतं, गॅरेज मात्र थांबत नाही. त्यासाठी आम्ही वेळ बदलली, पहाटे साडेपाच. पण त्या वेळी कोणत्या बाईला घरातून निघता येतं? हाही प्रश्न आहेच. बाहेरगावच्या बायका आदल्या रात्री माझ्याकडे मुक्कामाला येतात, आणि शेजारणींना ते अजून चमत्कारिक वाटतं.

मग कान झाकणारे बंद हेडफोन घेतले, कारण त्याशिवाय दोष कळतच नाही. नंतर तो कंडेन्सर निम्म्या किमतीला विकून साधा डायनॅमिक माइक घेतला. शुअरचा एसएम५८ हा १९६६पासून व्यासपीठांवर दिसणारा माइक याच जातीचा. आमचा त्याहून स्वस्त आहे. तो जवळचं घेतो, लांबचं फारसं घेत नाही. तोंडापासून चार-पाच बोटांवर आणि जरा तिरका धरायचा, नाहीतर प आणि फ फटफटतात. अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलने उतरतो, म्हणून एकदा बसलेल्या जागेवरून हलायचं नाही. माइकची पाठ खिडकीकडे, कारण बहुतेक असे माइक पाठीमागचं कमी ऐकतात.

माइक लॅपटॉपला जोडायला ऑडिओ इंटरफेस नावाची छोटी पेटी लागते. दोन माइक लागतील अशी घ्या. आठांची घेऊन सहा भोकं रिकामी ठेवू नका. डायनॅमिक माइकचा आवाज मुळात बारीक असतो, तेव्हा ती पेटी तो खरखर न वाढवता किती वर उचलते हे दुकानातच, हेडफोन लावून तपासा. सॉफ्टवेअरवर आम्ही एक पैसा खर्च केलेला नाही. ऑडॅसिटी २०००पासून फुकट मिळतं. मूळ मुद्रण वेव्हमध्ये ठेवा, एमपीथ्री फक्त वाटायला. गुणगुण आली तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. पहिली दोन वर्षं यंत्र गल्लीतला एक मुलगा चालवायचा. चांगला मुलगा, पैसे घ्यायचा नाही. एक दिवस एक बाई ओवी म्हणता म्हणता थांबली आणि नवऱ्याच्या मारहाणीचं बोलू लागली. मी पुढे सरकले, आणि तिची नजर हेडफोन लावलेल्या त्या पोराकडे गेली. ती गप्प झाली. परत कधी आली नाही. तेव्हापासून गटाचा नियम आहे, की आमच्यातल्या दोघींना जोडता, चालवता आणि निस्तरता येत नाही ती वस्तू घरात येणार नाही. या नियमापायी एक बटणांची मोठी पेटी आम्ही नाकारली, देणगीत मिळत असूनही. आज यंत्र चालवणाऱ्या दोघींपैकी एक सातवी शिकलेली आहे, दुसरी आशा कार्यकर्ती.

त्याच दिवसानंतर कपाटाला कुलूप आलं. मुद्रणाच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत, दोन हार्ड डिस्कवर. गाण्यांची डिस्क वेगळी, बायकांनी सांगितलेल्या हकिकतींची वेगळी, आणि ही दुसरी इंटरनेटवर चढत नाही. बोलणारीला तिचं मुद्रण आधी ऐकवतो, मग विचारतो. पुसून टाका म्हणाली तर तिच्यासमोर पुसतो, मग दुसऱ्या घरातली प्रतही.

यंदा गटाकडे सहा हजार आहेत. मला दुसरा माइक हवा आहे, बाकीच्या म्हणतात आधी जाड पडदे आणि धड स्टँड. बहुतेक त्यांचंच खरं होणार.

यंत्र शेजारच्या खोलीत मांडून ठेवलं आहे. जेवण झाल्यावर या. पंखा बंद असेल, तेव्हा घाम पुसायला रुमाल आणा, आणि हेडफोन पहिल्यांदा ज्यांनी कधी लावलेला नाही त्यांना मिळेल.