विषमुक्त धान्य कोणाच्या ताटात?

(जुन्नर-आंबेगाव भागातील कार्यकर्त्यांपुढे मांडावयाच्या भाषणाचा मजकूर)



सेंद्रिय धान्य हा आज सुखवस्तूंच्या जेवणाचा विषय होऊन बसला आहे. पुण्या-मुंबईच्या दुकानांत सुबक पिशवीत बंद केलेली नाचणी ज्या भावाने विकली जाते, तो भाव ऐकूनच कामगार पाऊल मागे घेतो. परंतु ती पिकवणारा शेतकरी श्रीमंत झाल्याचे मात्र दिसत नाही. खाणाऱ्याला महाग आणि पिकवणाऱ्याला तोट्याचा, असा हा व्यवहार आहे. मग मधला पैसा जातो कोठे, हाच खरा प्रश्न होय.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत हा प्रश्न अधिकच बोचतो. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत महादेव कोळी आणि ठाकर समाजाची गावे आहेत; भात, नाचणी, वरई, खुरासणी ही त्यांची पावसावरची पिके. पूर्वेला नारायणगाव, ओतूर, मंचरचा टोमॅटो-कांद्याचा बागायती पट्टा. डिंभे आणि माणिकडोह धरणांसाठी आदिवासींच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. कुकडी प्रकल्पाचे पाणी कालव्यांनी पूर्वेकडे, पार करमाळ्यापर्यंत गेले. डोंगरातल्या कोरडवाहू शेतीला काल मागासलेपण म्हणून हिणवले गेले. आज बाजार त्याच शेतीचा माल 'सेंद्रिय' म्हणून मिरवतो, आणि मिरवण्याचे दाम स्वतःच खिशात घालतो.

ह्यावर ग्राहकांची सहकारी खरेदी हा उपाय नवा नाही. इंग्लंडमधील रॉचडेल येथे १८४४ साली २८ श्रमिकांनी दुकान काढले. शुद्ध माल, रोखीचा व्यवहार, एका सभासदाला एक मत आणि खरेदीच्या प्रमाणात नफ्याची वाटणी, ही त्यांची सूत्रे होती. मुंबईच्या नायगावात १९४८ साली कामगारांच्या सहकारातून उभी राहिलेली संस्था पुढे 'अपना बाजार' म्हणून घराघरांत पोहोचली. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानाचीच गरज नाही हे दाखवले. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची मागणी आधी नोंदवायची, पैसे आधी भरायचे आणि आलेला माल आपसांत वाटून घ्यायचा, अशी ती साधी पद्धत.

ह्या पद्धतीत बचत नेमकी कोठे होते, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. दुकानाचे भाडे नाही, जाहिरात नाही, रंगीत वेष्टन नाही. मागणी आधीच ठरलेली असल्याने माल पडून राहत नाही. वाहतूकही विभागली जाते. समजा, २० कुटुंबांनी प्रत्येकी १० किलो तांदूळ मागवला, तर २ क्विंटल होतो. टेम्पोच्या फेरीला १,००० रुपये पडले, तर किलोमागे ५ रुपये येतात. एकट्या कुटुंबाने १० किलोसाठी ती फेरी करणे हा वेडेपणा ठरेल. मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळले पाहिजे. बचत मधल्या खर्चातून व्हावी, शेतकऱ्याच्या भावातून नव्हे. शेतकऱ्याला पिळून धान्य स्वस्त करणारा ग्राहक संघ म्हणजे सभासद असलेला व्यापारीच!

सुरुवात तांदूळ, नाचणी, कडधान्ये अशा टिकाऊ मालापासून करावी. भाजीपाला दोन दिवसांत सडतो आणि त्याबरोबर संस्थाही सडते. भाव पेरणीपूर्वीच दोन्ही बाजूंनी बसून ठरवावा आणि काही रक्कम आगाऊ द्यावी. सुगीच्या तोंडावर हातात पैसा असलेल्या शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या दारात मातीमोल भावाने पोते टाकावे लागत नाही.

डोंगरातले प्रत्येक पोते विषमुक्तच असते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. युरिया तेथेही पोहोचला आहे. परंतु महागड्या प्रमाणपत्राला पर्याय आहे. सहभागी हमी पद्धतीत शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेते तपासतो आणि एकमेकांची हमी घेतो. ग्राहक सभासदांनीही वर्षातून दोनदा बांधावर जावे. त्यात तपासणी होते आणि ओळखही होते.

सहकारी भांडारे बुडाली ती का, हेही विसरता कामा नये. उधारी वाढली, नातलगांची भरती झाली, हिशेब सभासदांपुढे आला नाही आणि पुढाऱ्यांना संस्था म्हणजे निवडणुकीची पायरी वाटली. म्हणून उधारी नको, काम पाळीपाळीने सर्वांनी करावे आणि दरमहा हिशेब उघड्यावर वाचला जावा.

आणखी एक आक्षेप गंभीर आहे. ज्या मजुराच्या हाती महिन्याची रक्कम एकदम येत नाही, तो आगाऊ पैसे कोठून भरणार? त्याच्यासाठी आठवड्याचा हप्ता ठेवता येईल, वाटपाच्या श्रमाचा मोबदला खात्यात धरता येईल. तरीही भूमिहीनाचा प्रश्न ग्राहक संघ सोडवू शकत नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरड धान्यही आहे. रेशन दुकानात स्थानिक नाचणी मिळावी आणि ती ह्याच शेतकऱ्यांकडून रास्त भावाने घेतली जावी, ही मागणी रस्त्यावर येऊनच करावी लागेल. रचना आणि संघर्ष ही एकाच गाडीची दोन चाके आहेत.

ह्या डोंगरांना सहकार शिकवायला कोणी बाहेरून यायला नको. उतारावर एकमेकांच्या श्रमाने बांध घालून भातखाचरे काढण्याची 'पडकई' येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आज ह्याच्या शेतात, उद्या त्याच्या शेतात, आणि मजुरी परतफेडीच्या श्रमाची. तोच बांध आता शेत आणि ताट ह्यांच्यामध्ये घालायचा आहे. मंचर, घोडेगाव, जुन्नर, नारायणगाव येथल्या प्रत्येक शाखेने येत्या सुगीपूर्वी २० कुटुंबांची यादी तयार करावी. कामाला एवढे पुरेसे आहे.