जुन्या रेडिओंतील कंडेन्सर

आजचें छत्रपति संभाजीनगर औरंगाबाद या नांवानें निजामाच्या राज्यांत होतें, तेव्हां तेथें संस्थानचें स्वतःचें नभोवाणी केंद्र होतें. १९५० सालीं तें आकाशवाणींत सामील झालें. त्या काळांतला व्हॉल्व्हचा रेडिओ एखाद्या वाड्याच्या माळ्यावर सांपडला, कीं धूळ झटकून लगेच बटण दाबण्याचा मोह होतो. तो आवरावा. व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर शाबूत असले, तरी त्यांचा घात करणारा कंडेन्सर आंत बसलेला असतो.

कंडेन्सर म्हणजे धातूचे दोन पत्रे आणि मध्यें विजेला अडविणारा पडदा. पडद्यावरून त्याची जात ठरते. अभ्रकाचा कंडेन्सर लहान व चपटा. तो बहुधा दीर्घायुषी. मेण पाजलेल्या कागदाचा नळकांड्यासारखा. त्याचा कागद हवेंतील ओल शोषतो आणि वीज झिरपूं लागते. ॲल्युमिनियमच्या डब्यांतला तो इलेक्ट्रोलायटिक. याची गोष्ट उलट, यांतील ओलावाच वाळतो.

दोष कोठें आहे, यावर नुकसान ठरतें. शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला जोडलेला कागदी कंडेन्सर झिरपला, तर तो व्हॉल्व्ह बेसुमार तापतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळूं शकतो. इलेक्ट्रोलायटिक वाळला तर नुसती घरघर ऐकूं येते. आंतल्या आंत शॉर्ट झाला, तर रेक्टिफायर व्हॉल्व्ह आणि मुख्य ट्रान्सफॉर्मर धोक्यांत येतात.

ओळखतांना अक्षरांनीं फसूं नये. जुन्या अमेरिकन यंत्रांतील ‘एम.एफ.डी.’ म्हणजे मायक्रोफॅरड, ‘एम.एम.एफ.’ म्हणजे पिकोफॅरड. जुन्या जर्मन यंत्रांत माप सेंटिमीटरांतही आढळतें; एक सेंटिमीटर म्हणजे सुमारें १.१ पिकोफॅरड.

वितळलेलें मेण, फुगलेला डबा, तडकलेलीं टोकें हीं खराबीचीं लक्षणें खरीं. पण तीं नसलीं म्हणजे कंडेन्सर निर्दोष, असें नव्हे. हातांतला साधा मीटरही साक्षीदार म्हणून कच्चाच. तो अल्प दाबावर मोजतो. त्यामुळें झिरपणारा कंडेन्सर त्यावर पुरा, क्वचित् अधिकच भरतो. ४०० व्होल्टचा कंडेन्सर तितक्याच दाबाखालीं किती झिरपतो, हीच खरी परीक्षा. तें साधन नसेल, तर कागदी कंडेन्सर सरसकट बदलावे, इलेक्ट्रोलायटिकही बदलावे आणि अभ्रकाच्यांना विनाकारण हात लावूं नये. नव्याची धारणशक्ति मूळच्याइतकी असावी. व्होल्ट कमी नसावेत. काम करण्यापूर्वी वायर भिंतींतून काढून, सांठलेली वीज रेझिस्टरमधून वाहूं द्यावी. ती प्राणघातक ठरूं शकते.

कंडेन्सर बाजारांत थोडक्या पैशांत मिळतो. जळालेला मूळ ट्रान्सफॉर्मर मात्र तसाच पुन्हा मिळणें कठीण. म्हणून आधीं परीक्षा, मग बटण.