उपरी आणि मिरासदार



मी दौंडचा. भीमेकाठच्या माणसाने घोडनदीच्या काठी येऊन समुद्राविषयी बोलावे, हे थोडे धाडसाचेच आहे. त्यातून दिवस चैत्र-वैशाखाचे, नदीचे पात्र तळाला गेलेले, आणि विषय दूरच्या सयाम देशातल्या, म्हणजे आजच्या थायलंडमधल्या, एका किनाऱ्यावरच्या गावाचा. परंतु हा विषय मी शोधून काढलेला नाही. तो माझ्या ओसरीवर चालत आला.

दौंडचे माझे एक स्नेही आहेत. रेल्वेत पस्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाले. पत्नी निवर्तली, मुलगा सिंगापुरात. एके दिवशी सकाळी आले आणि म्हणाले, "अहो, मी आता हुआ हिनला जाऊन राहावे म्हणतो." मी म्हटले, "हे कुठे आले?" त्यांनी खिशातून नकाशा काढला. बँकॉकच्या नैर्ऋत्येस सुमारे दोनशे किलोमीटरवर, सयामच्या आखाताला लागून, एक शांत शहर. मुलाने त्यांना तेथे आठ दिवस हिंडवून आणले होते. समुद्र शांत, रस्ते स्वच्छ, माणसे सौम्य, फळे स्वस्त. "येथे मला कोण आहे?" ते म्हणाले, "तेथे निदान समुद्र तरी आहे." या वाक्याला मला चटकन उत्तर देता आले नाही. आजचे व्याख्यान म्हणजे ते राहिलेले उत्तर होय.

प्रथम त्या गावाविषयी. 'हुआ' म्हणजे डोके आणि 'हिन' म्हणजे दगड. किनाऱ्यावर खडक आहेत, त्यावरून हे नाव पडले. पूर्वी ही कोळ्यांची वस्ती. १९११ साली दक्षिणेकडे जाणारी रेल्वे तेथे पोचली आणि गावाचे नशीब पालटले. रेल्वेनेच तेथे हॉटेल बांधले, गोल्फचे मैदान केले, आणि बँकॉकचे सरदार-दरकदार उन्हाळ्यात तेथे येऊ लागले. गाडी आली की गाव कसे बदलते, हे दौंडच्या माणसाला निराळे सांगावयास नको. त्या प्रांताच्या नावात 'खिरी' हा शब्द आहे. ती आपली 'गिरी'च. एप्रिलच्या मध्याला तेथे नववर्षाचा सण होतो, एकमेकांवर पाणी उडवितात, आणि त्या सणाला म्हणतात 'सोंगक्रान', म्हणजे आपली संक्रांत. परक्या देशात आपलेच शब्द वेष पालटून भेटले की, आपण घरीच आहोत असा माणसाचा समज होतो. हा समज गोड आहे, पण तो समजच आहे.

सयामचा राजा प्रजाधिपोक याने तेथे समुद्रकाठी एक राजवाडा बांधला आणि त्याला नाव दिले 'क्लाय कांगवोन'. अर्थ असा की, चिंतेपासून दूर. आता योगायोग पाहा. २४ जून १९३२ रोजी बँकॉकमध्ये क्रांती झाली आणि राजाची अनियंत्रित सत्ता संपली, त्या दिवशी राजा याच 'चिंतेपासून दूर' असलेल्या घरी मुक्कामाला होता. पुढे १९३५ साली त्याने इंग्लंडमधून राज्यत्याग केला आणि १९४१ साली तेथेच, परक्या देशात, त्याचा अंत झाला. घराला नाव दिल्याने चिंतेला पत्ता चुकत नाही.

माझे स्नेही राजे नव्हेत. त्यांची चिंता साधी आहे. पन्नाशी उलटलेल्या परदेशी माणसाला थायलंड निवृत्त म्हणून राहू देते. अट अशी की, तेथल्या बँकेत आठ लाख बाट ठेवावेत, म्हणजे आपल्या हिशेबाने वीस लाख रुपयांच्या वर, किंवा दरमहा पासष्ट हजार बाटांची प्राप्ती दाखवावी. परवाना वर्षाचा, तो दरवर्षी नवा करावा लागतो. शिवाय दर नव्वद दिवसांनी आपण कोठे राहतो याची सरकारदरबारी वर्दी द्यावी लागते. इमारतीतील सदनिका परदेशी माणसाला घेता येते, तीही इमारतीच्या निम्म्याहून कमी भागापुरती. जमीन मात्र आपल्या नावावर करता येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाची अट अशी की, या परवान्यावर नोकरी-धंदा करता येत नाही. राहा, खा, फिरा, समुद्र पाहा. काम करू नका.

यात त्या देशाचा दोष काढण्यासारखे काही नाही. घर त्यांचे, नियम त्यांचे. परंतु हे सारे वाचताना मला आपल्याकडचे दोन जुने शब्द आठवले. पेशवाईत आपल्या गावगाड्यात शेतकरी दोन प्रकारचे असत. एक मिरासदार आणि दुसरा उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. गावसभेत त्याला बसण्याचा मान, आणि गावावर संकट आले की भारही त्याच्यावरच. उपरी बाहेरून आलेला. कराराने जमीन कसणारा. त्याचा सारा पुष्कळदा मिरासदारापेक्षा हलका असे. नको वाटले तर तो गाव सोडून जाई. म्हणजे उपऱ्याला ओझे कमी आणि बूडही कमी. माझे स्नेही स्वस्ताईचा हिशेब मांडीत होते, तो उपऱ्याचा हिशेब होता. तो चुकीचा नव्हता, अपुरा होता.

अपुरा कसा, हे पाहण्यासाठी सयामला जाण्याची गरज नाही. आपल्या रत्नागिरीला गेले तरी पुरे. सयामच्या शेजारच्याच देशाचा एक माणूस आपल्या मराठी किनाऱ्यावर, शांत गावात, सरकारी तनख्यावर तीस वर्षे राहिला. तो म्हणजे ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतले, राजाराणीला बोटीत बसविले, आणि मद्रासमार्गे १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवले. राजा तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. १९१० साली त्याच्यासाठी उंच जागी तो प्रसिद्ध राजवाडा उभा राहिला. तेथून खाडी दिसते, समुद्र दिसतो. आजही लोक सूर्यास्त पाहावयास तेथे जातात आणि म्हणतात, "काय सुंदर जागा आहे!"

जागा सुंदरच आहे. पण पाहा, त्या राजाजवळ काय नव्हते? घर होते, तनखा होता, नोकर होते, समुद्र होता. दोन गोष्टी नव्हत्या. परवानगीवाचून गाव सोडता येत नव्हते, आणि गावात राहून करण्यासारखे काही काम नव्हते. पहिली गोष्ट कैद्याची, ती माझ्या स्नेह्यांना लागू नाही. मनात आले तर ते उद्या विमानात बसतील. पण दुसरी गोष्ट दोघांना सारखीच लागू आहे. ज्याचे कोणावाचून अडत नाही आणि ज्याच्यावाचून कोणाचे अडत नाही, तो माणूस राजवाड्यात असो वा सदनिकेत, उपरीच राहतो. डिसेंबर १९१६ मध्ये थिबा रत्नागिरीतच वारला. त्याचे कुटुंब १९१९ साली ब्रह्मदेशी परतले. राजाचे थडगे येथेच राहिले. २०१२ साली म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन त्या थडग्याचे दर्शन घेऊन गेले. म्हणजे मृत्यूनंतर शंभर वर्षे होत आली तरी तो रत्नागिरीचा झाला नव्हता. दूरच्या देशाचाच राहिला होता.

पण याच घराण्यातली एक व्यक्ती रत्नागिरीची झाली. थोरल्या राजकन्येला राजाच्या घरी नोकरीस असलेल्या गोपाळ सावंत यांच्यापासून १९०६ साली एक मुलगी झाली. तिचे नाव टूटू. सारे कुटुंब ब्रह्मदेशी गेल्यावर ही राजकन्या मुलीला घेऊन पुन्हा रत्नागिरीला आली. टूटू तेथेच वाढली, शंकर पवार यांच्याशी तिने संसार केला, मराठी बोलली, गरिबीत मुले वाढविली. गोवऱ्या थापल्या, कागदी फुले करून विकली. २००० साली ती त्याच गावात वारली. आजोबाला राजवाडा मिळाला आणि गाव मिळाले नाही. नातीला राजवाडा मिळाला नाही, गाव मिळाले. तिच्या गरिबीचे मी कौतुक करीत नाही. गरिबी ही भोगणाऱ्याला गोड नसते. पण तिच्या गोवऱ्या कोणाच्या तरी चुलीत जळत होत्या, तिची फुले कोणाच्या तरी घरी लागत होती. गावाचे तिच्याशी आणि तिचे गावाशी देणेघेणे होते. मिरासीचा कागद तिच्याजवळ नव्हता. मिराशी तिने हातांनी मिळविली.

आता तुमच्या शिरूरकडे येतो. येथे इंग्रजांची छावणी होती. त्या छावणीतला कर्नल वॉलेस १८०९ साली येथे वारला आणि येथेच पुरला गेला. तो परक्या सत्तेचा, परक्या धर्माचा शिपाई. पण पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटिअरात अशी नोंद आहे की, येथले लोक त्याला 'सत्पुरुष' म्हणतात आणि सुगीला त्याच्या थडग्यापुढे नव्या धान्याचा नैवेद्य ठेवतात. परक्या फौजेबरोबर आलेल्या माणसाला सत्पुरुष का म्हणावे, याचा वाद मी येथे घालीत नाही. माझे लक्ष त्या धान्याकडे जाते. आपल्या गावात खळ्यावरच्या राशीतला वाटा कोणाला मिळे? सुताराला, लोहाराला, कुंभाराला, म्हणजे बलुतेदाराला. ज्याच्यावाचून गावाचे चालत नाही त्याला. देवाचा वाटाही त्यातच. राशीतून काढलेली ती मूठ म्हणजे गावाने सांगितलेले नाते. "तू आमच्यापैकी आहेस," हे कागदावर लिहून देण्याची रीत आपल्याकडे नव्हती. ते खळ्यावर मापून दिले जाई.

म्हणून मी माझ्या स्नेह्यांना सांगितले, "खुशाल जा. पण समुद्र पाहून घर घेऊ नका. तीन गोष्टी पाहा. भाजीवालीशी तिच्या भाषेत घासाघीस करता येईल का? रात्री छातीत दुखू लागले तर कोणाचे दार वाजवाल? आणि चार दिवस तुम्ही दिसला नाहीत, तर कोणाच्या लक्षात येईल?" ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "तिसरी गोष्ट तर येथे दौंडलाही मला सांगता येत नाही." बंधुभगिनींनो, त्या क्षणी लाज त्यांना वाटावयास नको होती, ती मला वाटली. दोन गल्ल्या पलीकडे राहणारा माझा मित्र चार दिवस दिसला नाही, तर मला कळले असते का? माणूस देश सोडतो तेव्हा आपण म्हणतो, त्याला परदेशाचा मोह पडला. कधी कधी असे असते की, घरी बसल्या बसल्याच तो उपरी झालेला असतो आणि आम्हा मिरासदारांना त्याचा पत्ता नसतो.

गेल्या हिवाळ्यात ते हुआ हिनला गेले. तीन महिने राहिले. मधून मधून फोन येई. पहिला महिनाभर समुद्राचेच वर्णन होते. दुसऱ्या महिन्यात समुद्र संपला. तिसऱ्या महिन्यात एक दिवस फोन आला तो आवाजच निराळा होता. कोपऱ्यावर फळे विकणारी एक बाई आहे. ताप आला म्हणून हे तीन दिवस खाली उतरले नाहीत. चौथ्या दिवशी उतरले तर ती बाई हातवारे करून त्यांच्यावर रागावली. ते म्हणाले, "ती मला 'लुंग' म्हणते. म्हणजे काका. काय बोलली ते निम्मे कळले नाही. पण रागावली एवढे नक्की." नियम काम करू देत नाहीत हे खरे, पण रोज एकाच ठिकाणी पपई घेणे, चार शब्द शिकणे, नाव विचारणे, याला कोणताच कायदा आड येत नाही. पुढच्या हिवाळ्यात ते पुन्हा जाणार आहेत. मी आता त्यांना अडवीत नाही.

परंतु येथे बसलेल्यांना मला वेगळेच काही विचारावयाचे आहे. आपण सारे जाणाऱ्यांची चर्चा करतो. आपल्याकडे आलेल्यांचे काय? रांजणगावची औद्योगिक वसाहत तुमच्या तालुक्यात, कुरकुंभची आमच्या. तेथे बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून आलेली हजारो माणसे राबतात. त्यांच्यापुढे समुद्र नाही, आठ लाखांची ठेव नाही. एका खोलीत पाच-सहा जण राहतात, आपल्याला भाडे देतात. ती कामाशिवाय बसलेली नाहीत. त्यांच्यावाचून आपले कारखाने चालणार नाहीत. म्हणजे बलुतेदाराची पहिली अट त्यांनी पुरी केली आहे. राशीतला वाटा देण्याची दुसरी अट आपली आहे. दौंड हे गाव तरी कोणाचे? १८७८ साली मनमाडचा फाटा झाला, जंक्शन झाले, आणि ठिकठिकाणची माणसे रुळांबरोबर आली. आज त्यांची पणतवंडे दौंडकर म्हणून मिरवितात, आणि मीही त्यांतलाच एक. माझे पणजोबा साताऱ्याकडून आले तेव्हा कोणी तरी त्यांना पाण्याचा हंडा दिला असेल, कोणी तरी त्यांचे नाव विचारले असेल. ते नाव मला ठाऊक नाही, पण मी दौंडचा आहे तो त्या हंड्यामुळे.

तेव्हा, घरी जाताना एवढेच करा. आपल्या गल्लीत भाड्याने राहणाऱ्या त्या मुलाचे नाव ठाऊक नसेल, तर उद्या विचारा. चार दिवस दिसला नाही, तर त्याच्यावर थोडे रागवा. सयामच्या एका फळवालीला जे जमले, ते घोडनदीच्या आणि भीमेच्या काठी आपल्याला जमू नये असे काही नाही.