पऱ्हे विकावे कीं रोवावे?



हॉकीचा एखादा संघ सलग दोनतीन वर्षें हरत राहिला, कीं त्याच्या चालकांपुढें एक प्रश्न उभा राहतो. हाताशीं असलेले होतकरू तरुण खेळाडू दुसऱ्या संघास देऊन टाकावे आणि त्यांच्या बदल्यांत एखादा नांवाजलेला, तयार खेळाडू घ्यावा काय? कीं हार पत्करून, लोकांची बोलणीं ऐकून घेऊन, याच तरुणांना चारपांच वर्षें घडवीत राहावें? परदेशांत खेळाडूंची अशी देवघेव उघड चालते. आपल्याकडेही खेळाडूंचे लिलाव होऊं लागल्यापासून तोच प्रश्न निराळ्या वेषांत येऊन उभा राहिला आहे. पैसा मोजकाच असतो. तो लिलावांतील मोठ्या नांवावर खर्चावा, कीं मैदान, वसतिगृह आणि शिक्षक यांवर खर्चावा? आज याच प्रश्नाचा थोडा विचार करण्याचें मीं योजिलें आहे.

मी वैनगंगेच्या कांठीं मार्कंडा येथें राहतों. ज्याचें सारें आयुष्य खेड्यांतील शाळेंत मुलांना शिकविण्यांत गेलें, त्यानें खेळाच्या बाजाराविषयीं बोलावें, हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु वाढत्या वयाच्या मुलांचें काय करावें, हाच या प्रश्नाचा गाभा आहे. आणि तो विषय शिक्षकाला परका नाहीं.

आमचा मुलूख धानाचा. पावसाळा लागला म्हणजे शेतकरी एका लहानशा तुकड्यांत धान दाट पेरतो. त्या उगवलेल्या रोपांना आमच्याकडे पऱ्हे म्हणतात. तीनचार आठवड्यांनीं हे पऱ्हे उपटून बांधींत, म्हणजे बांध घालून पाणी धरलेल्या शेतांत, रोवतात. पऱ्ह्यांत दाणा नसतो. भुकेल्या माणसाला त्यांचा कांहीं उपयोग नाहीं. परंतु एखाद्याचे पऱ्हे वाळून गेले, तर तो शेजाऱ्याकडे येऊन बरे पैसे देऊं करतो. विकणाऱ्याच्या हातीं रोख रक्कम पडते, घरांत तांदूळही येतो, आणि दिवाळीच्या सुमारास सगळ्यांच्या बांध्या पिवळ्या झाल्या असतां याची बांधी मात्र उघडी दिसते.

पण दृष्टांत म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टींकडे वळूं.

२०१२ सालीं आपल्या देशांत जागतिक हॉकी मालिका या नांवाची एक स्पर्धा भरली. देशांतले आणि परदेशांतले खेळाडू जमवून आठ संघ उभे करण्यांत आले. त्यांपैकीं पुणें स्ट्रायकर्स हा संघ थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तेथें शेर-ए-पंजाब या संघाकडून ५-२ असा हरला. पहिल्याच वर्षीं अंतिम सामना गांठणें ही कांहीं लहानसहान कामगिरी नव्हे. परंतु त्या स्पर्धेचें दुसरें वर्ष उजाडलेंच नाहीं. संघ जसा जमला तसा पांगला. मार्कंड्याला महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते. नदीच्या कांठीं दुकानें लागतात, पाळणे फिरतात, रात्रीचा दिवस होतो. यात्रा उठली म्हणजे मागें चुलींचे काळे झालेले दगड तेवढे उरतात. निव्वळ जमविलेल्या संघाचें असेंच होतें. पैशाचा ओघ थांबला, कीं संघ संपतो. कारण त्याचें मूळ कोठेंच रुजलेलें नसतें.

उलट त्याच पुण्यास लागून खडकी आहे. तेथल्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतींत, मोडक्या स्टिका दुरुस्त करून खेळणाऱ्या भावंडांत, धनराज पिल्ले वाढला. त्याचे वडील मैदानाची निगा राखण्याचें काम करीत. हा मुलगा पुढें चार ऑलिंपिक स्पर्धा खेळला. खडकीनें त्याला कोणाकडून विकत घेतलें नव्हतें. मैदान होतें, खेळणारीं माणसें होतीं, आणि लहान मुलांना त्यांच्यांत शिरतां येत होतें. एवढ्या सामग्रीवर हें घडलें.

आतां एक उदाहरण क्रिकेटचें देतों, कारण तें आमच्या घरचें आहे. विदर्भाचा संघ १९५७-५८ च्या हंगामापासून रणजी करंडकासाठीं खेळत आला. साठ वर्षें त्यास करंडक मिळाला नाहीं. येथें धीराची तरफदारी करणाऱ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. साठ वर्षें वाट पाहणें म्हणजे जोपासना नव्हे. धीर धरणें आणि स्वस्थ बसणें या दोन गोष्टी दुरून सारख्याच दिसतात. परंतु पहिलींत रोज कांहींतरी काम होत असतें आणि दुसरींत नुसते दिवस जात असतात. २००९ सालीं विदर्भ क्रिकेट संघटनेनें निवासी प्रबोधिनी काढली. कोंवळ्या वयाचीं मुलें निवडून त्यांच्या राहण्याची आणि शिक्षणाची सोय केली. खरी पेरणी झाली ती तेव्हां.

मात्र विदर्भानें बाहेरचा माणूस घेतलाच नाहीं, असेंही नाहीं. मुंबईचे वसीम जाफर आले, कर्नाटकाचे गणेश सतीश आले. २०१७ सालीं चंद्रकांत पंडित हे शिक्षक म्हणून आले. १ जानेवारी २०१८ रोजीं इंदूर येथें दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव करून विदर्भानें पहिला करंडक जिंकला. त्या सामन्यांत लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी बाद करणारा रजनीश गुरबानी आणि शतक काढणारा अक्षय वाडकर हे दोघेही नागपूरचे. पुढल्याच हंगामांत विदर्भानें करंडक राखला, आणि त्या हंगामांत जाफर यांनीं वयाच्या चाळिसाव्या वर्षीं १०३७ धावा काढल्या. विदर्भानें त्यांना घेतलें, तें घरचे पऱ्हे विकून घेतलें नाहीं, ही गोष्ट महत्त्वाची. बाहेरचे आले ते दोनतीनच. त्यांच्या शेजारीं उभें राहून, त्यांची शिस्त पाहत, घरचीं मुलें खेळलीं.

या जोपासनेची कसोटी पुढें लागली. फेब्रुवारी २०१९ मधील अंतिम सामन्यांत सौराष्ट्राचे अकरा गडी बाद करणारा आदित्य सरवटे हा डावखुरा फिरकी गोलंदाज कांहीं वर्षांनीं केरळच्या संघाकडे गेला. २०२५ च्या अंतिम सामन्यांत तो नागपुरांतच विदर्भाविरुद्ध खेळला, आणि त्यानें ७९ धावाही काढल्या. असा माणूस गमावणें कोणत्याही संघास जड जावें. परंतु त्याची जागा रिकामी राहिली नव्हती. हर्ष दुबे या तशाच डावखुऱ्या फिरकी गोलंदाजानें त्या हंगामांत ६९ गडी बाद केले. रणजी स्पर्धेच्या एका हंगामांत इतके गडी तोंवर कोणींच बाद केले नव्हते. सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावांतील ३७ धावांच्या आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडे आला. बाहेरून आलेले करुण नायर यांनीं त्या सामन्यांत शतक काढलें, आणि त्याच वर्षीं ते आपल्या कर्नाटकाकडे परत गेले. पाहुणा आला, उपयोगी पडला, गेला. घर उभें राहिलें. ज्याच्याकडे दरसाल नवे पऱ्हे तयार होतात, त्यानें चार जुड्या शेजाऱ्यास दिल्या तरी त्याची बांधी ओसाड पडत नाहीं. ज्याच्याकडे ते होत नाहींत, त्याचें मात्र प्रत्येक वेळीं दिवाळें निघतें.

येथें कोणी म्हणेल, कीं नागपूर हें मोठें शहर, तेथें पैसा आहे, साधनें आहेत. वनांतल्या जिल्ह्यांनीं काय करावें? त्यांनीं ओडिशांतील सुंदरगढ जिल्ह्याकडे पाहावें. तोही आमच्यासारखाच जंगलाचा आणि आदिवासींचा मुलूख. आणि तेथला खेळ हॉकीच आहे. १९२८ सालीं ॲम्स्टरडॅम येथें भारतानें हॉकीचें पहिलें सुवर्णपदक मिळविलें, त्या संघाचे कर्णधार जयपालसिंग हे छोटा नागपूरच्या मुंडा समाजांतले होते, हें आपणांस ठाऊक असेलच. त्याच पट्ट्यांत सुंदरगढ येतें. राऊरकेल्याजवळ पानपोश येथें शासनाचें क्रीडा वसतिगृह आहे. खेड्यांतलीं मुलें तेथें राहून शिकतात आणि खेळतात. या जिल्ह्यांत सौनामारा नांवाचें एक गांव आहे. त्या गांवचा दिलीप तिर्की भारताचा कर्णधार झाला आणि तीन ऑलिंपिक स्पर्धा खेळला. त्याच गांवचा अमित रोहिदास पानपोशच्या वसतिगृहांत तयार झाला. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकनंतर ४१ वर्षें भारतास हॉकीचें ऑलिंपिक पदक मिळालें नव्हतें. २०२१ सालीं टोकियोस जर्मनीला ५-४ असें हरवून कांस्यपदक मिळालें, आणि २०२४ सालीं पॅरिसला स्पेनला २-१ असें हरवून तें पुन्हां मिळालें. या दोन्ही संघांत सौनामाऱ्याचा अमित रोहिदास होता. एक मोठा होतो, त्याला पाहून दुसरा मैदानावर येतो. लिलावांत घेतलेल्या खेळाडूचें गांव दुसरीकडेच असतें. त्याच्यामागून आपल्या गल्लींतलें मूल चालूं लागेलच, अशी खात्री नसते.

आतां माझ्या मुलखाविषयीं बोलतों, कारण या प्रश्नांत आमचें बरेंच कांहीं पणास लागलें आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतून आजवर पुष्कळ कांहीं बाहेर गेलें. आलापल्लीचें सागवान गेलें, बांबू गेला, चंद्रपूरचा दगडी कोळसा गेला, आतां सुरजागडचें लोखंडी खनिज जातें. बहुतेक माल कच्चाच जातो, आणि कच्च्या मालाची किंमत नेहमींच कमी असते. आमच्या मुलांचेंही असेंच होईल कीं काय, ही माझी चिंता आहे. रानांतून पायीं शाळेंत येणाऱ्या मुलांचा दम मोठा असतो, नजर तीक्ष्ण असते. हा गुण पारखणारीं माणसें एक दिवस येतील आणि चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन जातील. तो चमकला तर नांव त्यांचें. दुखापत होऊन परत आला, तर त्याच्याजवळ ना शिक्षण, ना धंदा.

ही मुलें योग्य जोपासनेनें काय करूं शकतात, याचा दाखला आमच्याच मुलखानें दिला आहे. चंद्रपूर जिल्ह्यांतील आश्रमशाळांचीं दहा मुलें निवडून त्यांना टप्प्याटप्प्यानें गिर्यारोहण शिकविण्यांत आलें, आणि मे २०१८ मध्यें त्यांतलीं पांच मुलें एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोंचलीं. निवड झाली तेव्हां त्यांच्या नांवाला बाजारांत कांहीं किंमत नव्हती. ती शिक्षणानें आली.

तेव्हां माझें म्हणणें असें आहे. बाहेरचा खेळाडू घेण्यांत कांहीं पाप नाहीं. परंतु त्याला घेण्यापूर्वीं चालकांनीं स्वतःस एक प्रश्न विचारावा: हा माणूस जाईल तेव्हां मागें काय ठेवून जाईल? तो शिकविणार असेल, त्याच्या संगतींत आपलीं मुलें सुधारणार असतील, तर त्याला जरूर घ्यावें आणि योग्य मोबदला द्यावा. तो नुसता एक हंगाम साजरा करून जाणार असेल, आणि त्याच्यासाठीं वसतिगृहाचा पैसा किंवा आपलीं होतकरू मुलें द्यावीं लागणार असतील, तर तो फुकट मिळाला तरी महागच पडेल.

धीर धरणाऱ्यांनाही एक अट लागू आहे. पऱ्ह्यांचा दृष्टांत येथें अपुरा पडतो. पऱ्ह्यांना कोणी विचारीत नाहीं; मुलाला विचारावें लागतें. खेळाडूचें उमेदीचें आयुष्य दहापंधरा वर्षांचें. आमचा संघ घडतो आहे, तूं थांब, असें सांगून त्याला वर्षानुवर्षें बांकावर बसविणें हा जुलूम आहे. त्याच्या घरीं गरिबी असेल तर तो जुलूम दुप्पट होतो. म्हणून जो संघ मुलाला थांबावयास सांगतो, त्यानें त्याच्या जेवणाची, शाळेची आणि खेळण्याच्या संधीची हमी दिली पाहिजे. तेवढें करूनही तो मोठा होऊन समजून उमजून दुसरीकडे जाऊं लागला, तर त्याला आशीर्वाद देऊन निरोप द्यावा. शाळाही आपल्या उत्तम विद्यार्थ्यांना असाच निरोप देते. तिला पुढचा वर्ग भरावयाचा असतो.

शेवटची विनंती आपणां श्रोत्यांस आहे. संघ हरला कीं आपण सुशिक्षित माणसें चहाच्या पेल्याबरोबर नवीं नांवें मागूं लागतों, आणि चालक त्या कोलाहलाला भितात. पुढल्या वेळीं आपल्या आवडीचा संघ हरेल तेव्हां एवढें पाहावें, कीं त्यांत विशींच्या आंतलीं किती मुलें आहेत आणि त्यांना शिकविणारा कोण आहे. उत्तर समाधानकारक असेल, तर त्या संघास आणखी दोन वर्षें द्यावीं. तें तसें नसेल, तर विजयाच्या दिवशींही टीका करण्यास कचरूं नये.